बाळंतिणीसकट उचललेली गाडी

लिहा तुम्ही ताई, मी आपली बोलत राहते, हात दुखला की सांगा, मला पण तेवढंच बसायला मिळतंय. आमचं गाव मालवणाच्या वरच्या अंगाला, खाडीवर. बाप माझा तरीवर होता, म्हणजे होडीतून माणसं ह्या काठावरून त्या काठाला न्यायचा. पावसाळ्याआधी ती होडी वर ओढून घ्यायची तर सगळी वाडी जमायची, बापये दोर धरून ओढायचे आणि आम्ही पोरं होडीच्या पोटाखाली लाकडं सारायचो, मागचं लाकूड मोकळं झालं की उचलून धावत पुढे न्यायचं, परत सारायचं, आणि बाप ओरडायचा, हात काढ गो चेडवा, आधी हात काढ. बोटं शाबूत घेऊन मी मोठी झाले हेच नवल. तेव्हा मला काय ठाऊक की जन्मभर हेच करायचंय, फक्त होडीच्या जागी लॉऱ्या.

लग्न होऊन मुंबईत आले ती बोटीने, सबंध वाटेत ओकत, आणि ह्यांनी मला धक्क्यावर उतरवून घेतलं ते थेट इकडे आणलं, घाटकोपर सोडून कांजूरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून. मी बोलले, मुंबई खंय? हे बोलले, हीच. मी बघते तर एका अंगाला डोंगर, एका अंगाला मिठागरं, मधी रस्ता आणि रस्त्यावर लॉऱ्या, बस. गावात मी सगळ्या मैत्रिणींना सांगून आलेली की मुंबईला जाते, आणि इकडे काळोख पडला की कोल्हे ओरडायचे. रडले बाई मी, खोटं कशाला बोलू. पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे एक खोली, तुम्ही बसलाय ना ती तीच खोली, तेव्हा भिंतीला चुना पण नव्हता.

आमचे हे लढाईच्या वक्ताला मिलिटरीच्या कारखान्यात हेल्पर होते, तिथे गाडी उचलायचं काम शिकले. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात पण इंजिनाला हात लावायचे नाहीत, कुणी बोललं की मेस्त्री जरा इंजिन बघा, तर सरळ सांगायचे, माका ता येणा नाय, घाटकोपराक जावा. आपलं काम टायरचं आणि ब्रेकचं. आता तुम्ही म्हणाल त्यात काय मोठं, चाक काढायचं आणि घालायचं. अहो, चाक निघतं हो, पण चाक काढायला आधी लॉरी वर घ्यायला लागते, आणि वर घेतलेली लॉरी म्हणजे काय, तिला खाली यायचंच असतं. ती फक्त वाट बघत असते. आमची जमीन पण खाजणाची, वरून कडक दिसते आणि वजन आलं की दबते मेली.

ह्यांचं एक एक असायचं, देवपूजेसारखं, ह्याच्या आधी ते नाही आणि त्याच्या आधी हे नाही. पहिलं म्हणजे जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना मागून पुढून दगड लावायचे, कारण मागचा आस उचलला की हातब्रेकचा काय उपयोग, तो मागच्याच चाकांना धरतो ना, आणि ती तर हवेत. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर आहे तोवरच. जॅकखाली जाड फळी टाकायची. मग हळूहळू वर घ्यायची, आणि वर घेतली तसे खाली रेल्वेच्या स्लीपरचे तुकडे रचत जायचे, उभे आडवे, उभे आडवे, आणि शेवटी जॅक उतरवून सगळं वजन त्या लाकडावर टाकायचं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हे कधी म्हणून गेले नाहीत. मग खांदा लावून गाडी हलवून बघायची, हलली तर पहिल्यापासून परत. काढलेलं चाक बाजूला नाही टेकवायचं, ते गाडीच्या पोटाखाली आडवं टाकून ठेवायचं, पडली तर चाकावर पडेल, माणसावर नाही. आणि वर कुणी म्हणजे कुणी नको. ड्रायव्हर उतरव, क्लीनर उतरव, एकदा तर एकाच्या लॉरीत कोंबड्यांची पाटी होती ती पण उतरवायला लावली, तो ड्रायव्हर एवढा तापला, बोलला मेस्त्री कोंबडीच्या वजनाने माझी लॉरी पडणार काय? हे बोलले, कोंबडी फडफडली की तू मागे बघायला वर चढतलस, म्हणून.

हेल्पर टिकायचे नाहीत ह्यांच्याकडे, ह्या बडबडीपायी. एक आला, एक पळाला. मग राहिले कोण, मी. काष्टा मारायचा आणि स्लीपर द्यायला उभं राहायचं. पलीकडच्या चाळीतल्या बायका बघायच्या नि तोंडाला पदर लावायच्या, मेस्त्रीण बघ लॉरीखाली लाकडं सारते. सारते तर सारते, तुमच्या घरची चूल विझवून सारते काय? पण मी तेव्हा गाडीखाली जात नव्हते हां. बाहेरून द्यायचं, बाहेरच राहायचं, ह्यांचा तसा हुकूम होता.

आता ती घरगाडी. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. एक दिवस सकाळी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, मिठागराच्या बाजूला, एक गाडी उभी दिसली, तोंड झुडपात घुसलेलं. मिलिटरीच्या जुन्या लॉरीवर लाकडाचं घर बांधलेलं, अगदी घर हो, खिडक्या, खिडक्यांना पडदे, मागे दार, दाराच्या चौकटीला आंब्याचं सुकलेलं तोरण आणि डालड्याच्या डब्यात तुळस. मी तर बघतच राहिले. ती गोपाळ मास्तरांची गाडी. ते गावोगाव जादूचे खेळ करायचे, मूळचे साताऱ्याकडचे, त्या गाडीतच त्यांचं सगळं बिऱ्हाड, म्हातारी आई आणि बायको कमळ, आणि ती कमळ पोटुशी, नववा लागलेला. ब्रेक लागेना म्हणून मास्तरांनी गाडी रस्त्यावरून खाली घातली आणि झुडपावर नेऊन थांबवली. त्या हिसक्याने म्हणा नाहीतर दिवसच भरलेले म्हणा, दुसऱ्या दिवशी कमळला कळा सुरू झाल्या, चाळीतली सुईण गेली आणि त्या गाडीतच मुलगी झाली. छान टपोरी मुलगी. मी गूळपाणी घेऊन गेले होते बघायला.

तर त्या जागेचा मालक आला, बोलला, शनिवारपर्यंत बिऱ्हाड हलवा, माझं मीठ उतरायचंय इथे. मास्तर ह्यांच्याकडे धावत आले. हे जाऊन बघून आले, मागचे दोन्ही ब्रेक खलास, पट्टे झिजून लोखंड लोखंडाला लागत होतं. हे बोलले, करतो, पण गाडी रिकामी पाहिजे. झालं. म्हातारी दारात येऊन उभी राहिली, दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला, हातात पळी तशीच. बोलली, माझी सून बाळंतीण हाय, दहा दिस उंबरा वलांडायची न्हाई. हे बोलले, आजी, ही गाडी आसा, घर न्हय. म्हातारी बोलली, तुमास्नी गाडी, माझ्या सुनंचं घर हाय ह्ये. हे बोलले, गाडयेत माणूस आसतलो तर मी गाडी उचलूचंय नाय, आणि आले निघून, येऊन हात धुतले नि जेवायला बसले.

मास्तर परत आले, परत गेले. त्यांचं तरी काय, आईला दुखवायची टाप नाही आणि जागा सोडायची तर गाडी थांबवणार कशाने. संध्याकाळी हे परत बघायला गेले, मी पण होते, तर खिडकीचा पडदा सारून कमळच बोलली, दादा, मला उठवत नाही हो, टाके नाहीत काही नाहीत, सगळं अंग फाटल्यासारखं झालंय, तुम्ही सावकाश करा, मी कुशीवर पण वळणार नाही. मला ह्यांचा चेहरा ठाऊक. माझं पहिलं बाळ आदल्या सालीच गेलेलं, ह्याच खोलीत, मी पंधरा दिवस उठले नव्हते तेव्हा आणि ह्यांनीच माझं सगळं केलेलं, न्हाऊमाखू घालण्यापासून. ते सगळं ह्यांच्या तोंडावर आलं. बोलले, ती आणि पोर, बस, तिसरो कोण वर चढता नये, आणि खाटेखालची शेगडी इजवा. एवढ्या सालांत पहिल्यांदा ह्यांनी आपला नेम मोडला तो असा. मी ह्यांना दोष देत नाही. मी असते तरी तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उचलली. आधी पहारीने तोंड झुडपातून काढून थोडी मागे घेतली, सगळ्या चाळीने ढकलली. ती जागा मिठागराकडे जरा उतरती, गाडीचं तोंड उताराला. पुढच्या चाकांना दगड लावायला घेतले तर एक कमी पडला, आमच्या शेडमध्ये दुसरी लॉरी उभी होती, आमचे चांगले लाकडी ठोकळे तिच्याखाली. डाव्या चाकाला एक दगड मिळाला, बरा होता, फार मोठा नाही. उजव्या चाकाला काय लावायचं म्हणून हे बघतात इकडे तिकडे, तर गाडीच्या बाजूला मास्तरांच्या आईची चूल मांडलेली आणि तिथे पाटा, वाटण वाटायचा, चांगला जाडजूड काळ्या दगडाचा. मास्तर बोलले, घ्या हो मेस्त्री, आता कोण वाटतंय इथे, बाळंतिणीला का तिखट घालायचंय. म्हातारी तेव्हा आत, पोरीला न्हाऊ घालत होती, तिला कुणी विचारलं नाही. ह्यांनी पाट्याची कड टायरखाली सारली, वरून पहारीने ठोकली, बोलले, घट्ट बसलो. तो पाटा म्हणजे काय आहे हे दोघा बापयांच्या डोक्यात आलं नाही.

मग म्हातारीला खाली उतरवलं आणि गाडी वर घेतली. काय सांगू तुम्हाला, एवढं सावकाश मी त्यांना कधी बघितलं नाही. जॅकचा दांडा एकदा दाबायचे, थांबायचे, वर कान द्यायचे. मी लाकूड सारते आणि वर पोर रडते, आणि ती रडली की हे थांबतात, रडायची थांबली की परत दाबतात, जसं काय तिला विचारूनच उचलतायत. चाकं काढली, आडवी गाडीखाली टाकली, खांदा लावून हलवून बघितलं, गाडी जागची हलली नाही. मग पट्टे आणायला शहरात जायला लागलं, ते एका दुकानात नाहीत, दुसऱ्यात नाहीत, तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी बोलावलं. तोवर गाडी तशीच लाकडांवर, आणि आत कमळ, खरंच कुशीवर सुद्धा न वळता.

पट्टे मिळाले, बसवून झाले, आता वरून ब्रेकचा ड्रम चढवायचा तेवढा राहिला, त्या दिवशी पोरीची पाचवी. तुम्हाला ठाऊक असेलच, पाचव्या दिवशी सटवाई येते, पोराच्या कपाळावर लिहून जाते, तर तिची पूजा मांडायची. आणि ती मांडतात कशावर? पाट्यावर. पाटा, वरवंटा, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून. मला दुपारी म्हातारीचा निरोप आला, दिवेलागणीला ये. मी बोलले, येते, पण वर नाही चढणार, दारातूनच कुंकू लावा. आणि कामाला लागले, आमच्या शेडमधल्या लॉरीचा ड्रायव्हर कटकट करत होता म्हणून.

दिवेलागणीला गेले तर हे गाडीखाली, बोलले उजेड आहे तोवर ड्रम चढवून घेतो. मास्तर चाळीतून उजेडाला हिलाल आणायला गेलेले. आणि मागच्या दाराशी पिंप लावून बायका वर चढतायत. सुईण वर, चाळीतल्या दोघी वर, आणि आमच्या शेजारची सखूबाई, ती पिंपावर उभी, हातांनी चौकट धरून अंग वर ओढतेय. खालून हे ओरडतायत, कोण चढला रे वर? आणि वर त्या बायकांची अशी बडबड की कुणाला ऐकू जातंय. त्यांना उतरवायला म्हणून मी सखूबाईच्या बाजूने वर चढले. आत दिवा लावलेला, उदबत्तीचा वास, कमळ खाटेवर पोरीला घेऊन, आणि म्हातारी खाली बसलेली, तिच्यासमोर पूजा मांडलेली. आणि मी बघते तर पाटा. धुतलेला, हळदीची बोटं ओढलेली, वर सटवाईची सुपारी, बाजूला वरवंटा. एका कडेला टायरचा काळा डाग तसाच, घासून पण गेलेला नव्हता.

ताई, म्हणजे खाली उजव्या चाकाला आता काहीच नव्हतं. म्हातारीला वाटलं असणार, देवीचा पाटा कुणी मेल्याने चाकाखाली चिखलात घातला, आणि गेली नि पहारीने ओढून काढला. तिला काय ठाऊक चाक काय नि दगड काय, तिला पाटा ठाऊक. आता ओरडू तर कशी ओरडू, ओरडले तर सगळ्या बायका दाराकडे धावणार, गाडी हिसकणार, आणि खाली हे. मी बोलले, बायांनो, आहात तिथे उभ्या राहा, कुणी पाऊल उचलू नका, आणि खाली बसून फळीच्या फटीला तोंड लावलं, बोलले, अहो, भायर येवा, पाटो काढल्यानी. का, कोणी, काही विचारलं नाही त्यांनी. खाली पाना पडल्याचा आवाज आला, सरपटल्याचा आवाज आला. आणि नेमकी तेव्हाच सखूबाई, तिला काही कळलंच नव्हतं, तिने शेवटचा जोर लावून अंग आत घेतलं.

लाकूड कण्हतं तसा आवाज आला, मग एक दणका. फार नाही सरकली गाडी, एवढीशीच, पण मागची बाजू लाकडांवरून घसरली आणि बसली. देवीचा दिवा कलंडला, सुईणीने हाताने विझवला. पोर किंचाळायला लागली. मी फटीतून हाक मारली, अहो. काही नाही. परत मारली. काही नाही. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हाला पण नाही सांगणार. तिसऱ्या हाकेला खालून आवाज आला, अगदी गार, बाजारात जाऊन येतो सांगावं तसा. बोलले, आसंय, म्हणजे आहे मी. कोणाक हलाक देव नको.

मी उतरले, कशी उतरले देव जाणे, पिंपावर पाय न लावता लोंबकळत. वाकून बघितलं तर गाडी आडव्या चाकावर टेकलेली, ह्यांची छाती मोकळी, पण उजवा हात लाकूड आणि आस ह्यांच्या मधी. मी धावले जॅककडे. तर हे ओरडले, दगड पयलो! हाताचा सोड, दगड पयलो घाल! अहो हात चिरडलेला माणसाचा आणि हा बाबा मला कामाचा क्रम शिकवतोय. पण बरोबर होतं त्यांचं, दगड न लावता उचलली असती तर अजून पुढे गेली असती, आणि मग हातावर नसतं भागलं. डावीकडचा दगड चिखलात रुतून बसलेला. दुसरा आणू कुठून? मी दाराशी गेले, बोलले, आजी, पाटा द्या.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. पण कळलं तिला, सगळं कळलं. तिने सटवाईची सुपारी उचलली, पदराच्या टोकात बांधली, आणि तो पाटा दोन्ही हातांनी उचलून पिंपावर ठेवला, हळदीकुंकवासकट. एवढा जड पाटा, तिचे हात काठीसारखे, कसा उचलला तीच जाणे. मी तो नेला, टायरखाली सारला, पहारीने ठोकला. मग फळी, फळीवर जॅक, आणि दांडा दाबला. वर पाच बायका, बाळंतीण, पोर, कुणी श्वास घेत नव्हतं. हे खालून सांगतायत, हळू, आजून, आजून, थांब, लाकूड सार. मी एका हाताने लाकूड सारते आणि एका हाताने दांडा. हात सुटला तेव्हा त्यांच्या तोंडून फक्त आई गे एवढंच आलं.

बोटं गेली, अंगठा आणि त्याच्या बाजूचं एवढी राहिली. दवाखान्यात त्यांनी कापली तेव्हा मी बाहेर बाकावर, आणि माझ्या हाताला तोवर पण हळद लागलेली. मला म्हातारीचा एवढा राग आला होता, वाटलं जाऊन तिची झिंजी धरावी. मास्तर पाया पडत होते तर त्यांना पण मी वाट्टेल ते बोलले, चारचौघात, भर दवाखान्यात, तुमच्या जादूने आता बोटं उगवा म्हणून. चुकलं असं मला अजून वाटत नाही. हे मात्र कुणाला काही बोलले नाहीत. मास्तरांची आई म्हणाली म्हणे, सटवाईनं लिवलं व्हतं, तर हे एवढंच बोलले, पोरीच्या कपाळावर लिहूक इलेली, माझ्या हातावर कित्याक लिहिल्यान?

आणि गाडी? गाडी तशीच. लाकडांवर, ड्रम अर्धा चढवलेला, चाकं निघालेली. मास्तरांनी घाटकोपरचे दोन मेस्त्री आणून बघितले, दोघं पण बघून निघून गेले, कुणी हात लावेना, अपशकुनी गाडी बोलले. जागेचा मालक रोज येऊन ओरडतोय. हे हात गळ्यात बांधून खाटेवर, आणि रोज विचारतात, ती गाडी अजून तशीच आसा? खाली कोण जाणा नाय मां? मुलं खेळतात थंय? झोप नाही त्यांना. अर्धवट उचललेली गाडी सोडून आल्याचा त्यांना हातापेक्षा जास्त घोर लागलेला. चौथ्या दिवशी उठले, बोलले, चल, तू कर, मी सांगतंय.

मी बोलले, करीन, पण माझं ऐकायला लागेल. गेले, आणि म्हातारीला बोलले, आजी, सगळी माणसं खाली. बाळंतीण खाली, पोर खाली, तुळस पण खाली. दहा दिवस झाले नव्हते हां अजून. मी वाटच बघत होते तिने काही बोलावं, मग मी पण बोलले असते. पण ती बोलली, तू म्हनशील तसं लेकी. आत गेली, पोरीला कुंचीत गुंडाळलं, स्वतःच्या छातीशी धरून तिने तो उंबरा ओलांडला, मागून कमळला मी आणि सखूबाईने हाताचा आधार देऊन उतरवली. बाभळीखाली घोंगडी टाकून बसल्या तिघी. माझा राग गेला असं नाही, पण त्या दिवसापासून तो बसून राहिला, उठला नाही परत. मी ड्रम चढवला, चाकं चढवली, लाकूड एक एक काढत गाडी जमिनीवर घेतली, शेवटी तो पाटा काढला आणि धुऊन म्हातारीच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी गेली गाडी. परत कधी आली नाही.

तर तेव्हापासून हे असं चाललंय. घाटावर जाणारे ड्रायव्हर आधी हसायचे, मेस्त्री खंय, बाई काय उचलणार, आता मुलुंडपासून लोक विचारत येतात, ती मेस्त्रीण कुठे असते म्हणून. मला त्याचं काही नाही ताई. कंबर गेली माझी, गुडघे गेले, पावसाळ्यात तर उठवत नाही. मागाहून दोन मुलगे झाले, दोघांना पण सांगून ठेवलंय, शाळा शिका, कारकून व्हा, काय वाट्टेल ते व्हा, पण लोखंडाच्या खाली आडवं पडायचं काम नको. गावाकडून सासू बोलते, सून म्हणे बापयासारखी लॉऱ्या उचलते. तिला काय सांगणार. चार घास खायचे तर कुणीतरी उचलायला पाहिजे ना. लिहिलंत एवढं? बरं. चहा घेऊन जा, आणि रस्ता ओलांडताना बघा दोन्हीकडे, आता लॉऱ्या फार वाढल्यात. तुमचं भलं होवो.

ह्यांचं काय विचारता? बघितलंत ना, बाहेर स्टुलावर बसलेत, डाव्या हाताने नट वेगळे करत. मी गाडीखाली गेले की ते तिथेच बसतात, कितीही ऊन असो, हलत नाहीत. आणि दर थोड्या वेळाने, आहेस ना म्हणून, हाक मारतात, आसस मां गो? मी बोलायचं, आसंय. परत जरा वेळाने, आसस मां? आसंय. गिऱ्हाईक हसतात, मी पण चिडते, अहो मला काम करू द्या, सारखं काय आसस नि आसस. पण कधी कधी काय होतं, सांगू तुम्हाला? वर पोरं, चूल, ड्रायव्हरांची घाई, सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी पाहिजे असतं, आणि खाली गार असतं, पाठ टेकलेली असते. मग मी हाक आली तरी गप्प पडून राहते, जराशी, तेवढाच विसावा. एक हाक होते, दुसरी होते. दुसरीला आवाज कापतो त्यांचा. मग स्टूल सरकतो, आणि मला तिथून दिसतं, तो डावा हात जमिनीवर टेकतोय, हे वाकतायत, दम लागलाय, म्हातारे नाहीत अजून तरी म्हाताऱ्यासारखे वाकतायत. मग मला नाही हो राहवत. आसंय, बोलते मी, आसंय हो, खंय जातलंय.